विश्रामबागवाडा : एका सरकारी हायस्कुलाच्या वास्तूचा इतिहास

१

पुण्याच्या सदाशिव पेठेतील विश्रामबागवाडा पेशवाईच्या अखेरच्या दिवसांचे स्मारक म्हणून सर्वश्रुत आहे. दुसऱ्या बाजीरावाने तो एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधविला. त्याच्या बांधणीस दोन लक्ष रुपये लागले असे परंपरेने सांगण्यात येते. सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव सागवानी खांब, दर्शनी भागाचा नक्षीदार सज्जा आणि चौकांभोवतीची दालने पाहून पेशवाईच्या विलासाविषयी एखादा उद्गार काढावा आणि पुढे जावे, असाच या वास्तूकडे पाहण्याचा आपला प्रघात पडून गेला आहे.

हा प्रघात चुकीचा नव्हे, परंतु अपुरा मात्र निश्चित आहे. बाजीरावाचे या वाड्यातील वास्तव्य फार तर एका दशकाचे. १८१८ मध्ये राज्य गेले, बाजीराव ब्रह्मावर्तास गेला आणि वाडा धन्यावाचून राहिला. १८२१ पासून मात्र तेथे विद्यार्थी येऊ लागले. पाठशाळा, कॉलेज आणि अखेरीस हायस्कूल अशा तीन रूपांनी तेथे अर्ध्या शतकाहून पुष्कळ अधिक काळ अध्यापन चालले. काळाच्या मापाने मोजावयाचे तर ही वास्तू राजवाडा थोडीच वर्षे होती; शाळा ती त्याच्या कितीतरी पट अधिक काळ होती. विश्रांतीसाठी बांधलेल्या घरात महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी परिश्रम केले आणि तरीही लोकांच्या तोंडी नाव राहिले ते विश्रामाचेच.

या वास्तूची ही दुसरी हकीकत सांगणे हा प्रस्तुत निबंधाचा एक हेतू आहे. दुसरा हेतू असा की, या हकीकतीच्या आधारे एका प्रश्नाचा विचार करावा. शाळेची इमारत सार्वजनिक ठरते ती कशामुळे? तिच्या मालकीमुळे, तिच्यावर खर्च होणाऱ्या पैशामुळे, की तिच्या दरवाज्यातून कोण आत येऊ शकतो यामुळे? विश्रामबागवाड्याच्या इतिहासात या तीन कसोट्या निरनिराळ्या वेळी पुढे आल्या, आणि त्यांची उत्तरे प्रत्येक वेळी एकच आली नाहीत.

२

प्रथम पैशाचा विचार करू. पेशवाईत श्रावण मासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची चाल होती. सेनापती दाभाड्यांनी तिचा आरंभ केला व पुढे पेशव्यांनी ती चालू ठेवली. पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात हे वाटप होत असे. राज्यबदलानंतर ही दक्षिणा एकाएकी बंद करणे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांना राजकीयदृष्ट्या शहाणपणाचे वाटले नाही. ती पूर्वीप्रमाणेच वाटीत राहणेही त्यांना पसंत नव्हते. यातून मार्ग निघाला तो असा की, या द्रव्याचा काही भाग एका संस्कृत पाठशाळेकडे वळवावा. त्याप्रमाणे दख्खनचे कमिशनर विल्यम चॅप्लिन यांच्या हस्ते ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात ही पाठशाळा सुरू झाली. सरकारी कागदपत्रांत ती ‘हिंदू कॉलेज’ म्हणून ओळखली जाई.

अशा रीतीने पैसा पेशव्यांच्या प्रथेचा, वाडा पेशव्यांचा आणि विद्याही पेशव्यांनी आश्रय दिलेलीच. व्याकरण, न्याय, वेदान्त, धर्मशास्त्र, अलंकार, ज्योतिष, वैद्यक आणि वेद हे तेथील विषय. नवे एवढेच की आश्रयदाता बदलला आणि दानाच्या जागी वेतन व विद्यार्थिवृत्ती आली. दक्षिणा ही व्यक्तीला मिळते. ती घेऊन ग्रहीता आपल्या घरी जातो. वेतन आणि वृत्ती या मात्र एका जागी, एका वेळी, एका व्यवस्थेत हजर राहण्याबद्दल मिळतात. म्हणून दक्षिणेचे रूपांतर शिक्षणात झाले त्याच क्षणी इमारतीची गरज उत्पन्न झाली. त्या अर्थाने विश्रामबागवाडा हा पाठशाळेचा केवळ निवारा नव्हता. दान ज्या योगे संस्था बनले, त्या क्रियेचा तो एक भाग होता.

मात्र या पहिल्या पर्वात दरवाजा अरुंदच राहिला. विद्या ब्राह्मणांची आणि विद्यार्थीही ब्राह्मणच, ही स्थिती नव्या राज्यकर्त्यांनी जशीच्या तशी स्वीकारली. सरकारी मालकी आणि सरकारी खर्च या दोन कसोट्यांना उतरूनही ही शाळा सार्वजनिक नव्हती.

३

१८३७ हे साल या वास्तूच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या सुमारास मेजर टॉमस कँडी यांच्याकडे पाठशाळेची देखरेख आली. जुन्या अभ्यासक्रमातील काही शाखा बंद करण्यात आल्या, देशी भाषा व वैद्यक यांच्या अध्यापनास जागा मिळाली, आणि पाठशाळा सर्व वर्गांच्या विद्यार्थ्यांस मोकळी झाल्याचे ठरविण्यात आले.

या ठिकाणी ‘वर्ग’ या शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधणे अप्रस्तुत होणार नाही. पाठशाळेच्या विद्यार्थ्याला हा शब्द परिचित होता तो वर्णमालेतील क-वर्ग, च-वर्ग यांवरून आणि अमरकोशाच्या विभागांवरून. पुढे शालेय परिभाषेत तो एका इयत्तेच्या विद्यार्थ्यांचा समूह आणि तो समूह जेथे बसतो ती खोली, अशा दोन्ही अर्थी रूढ झाला. समाजाच्या थरांनाही मराठी ‘वर्ग’च म्हणू लागली. वर्ग सर्व वर्गांस खुला असावा, हे वाक्य मराठीत शब्दक्रीडेसारखे वाटते. परंतु एकोणिसाव्या शतकातील शिक्षणाचा सगळा झगडा त्या वाक्यात सामावलेला आहे.

या एका इमारतीत जी शालेय परिभाषा वावरली तिचे थर पाहिले तरी तिचा इतिहास ध्यानात येतो. ‘इयत्ता’ हा संस्कृत शब्द. ‘एवढेपणा’, म्हणजे परिमाण, हा त्याचा मूळ अर्थ. ‘हजेरी’ फौजेतून आणि दरबारातून आली. तिचे मूळ अरबी. विद्यार्थ्यांची हजेरी घेण्याआधी या शब्दाने शिपायांची आणि कारकुनांची हजेरी घेतली होती. शिकविणारा प्रथम ‘शास्त्री’ होता. मग इंग्रजी विद्येबरोबर ‘मास्तर’ आला. संस्थेच्या नावांतही हाच क्रम आढळतो. वाडा पुल्लिंगी, पाठशाळा स्त्रीलिंगी, आणि कॉलेज व हायस्कूल नपुंसकलिंगी. परक्या शब्दास नपुंसकात ढकलण्याची मराठीची प्रवृत्ती येथे स्पष्ट दिसते. त्याबरोबर हेही दिसते की ‘शाळा’ हा घरचा शब्द हाताशी असताना लोकांनी ‘हायस्कूल’ हा शब्द टाकून दिला नाही. शाळा जवळ होती, हायस्कूल वरचे होते. ते अंतर शब्दात राखले गेले.

कँडी यांचे नाव मराठीच्या अभ्यासकाला वेगळ्याच कारणाने आठवते. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशात त्यांचे साहाय्य होते. १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश त्यांनी पूर्णत्वास नेला. मराठी लेखनात विरामचिन्हे रुजविण्याच्या कामीही त्यांचा पुढाकार होता. सरकारी पाठ्यपुस्तकांच्या मराठीवर त्यांची बारीक नजर असे. त्यांनी घडविलेल्या मराठीवर पुढे कृत्रिमतेचा आक्षेप आला. तो सर्वस्वी निराधार नव्हता. परंतु संस्कृतचे शास्त्री, इंग्रजी जाणणारे तरुण आणि कोशकार अधिकारी एका आवारात एकत्र आले, आणि त्या सहवासातून शास्त्रीय विषय सांगू शकणारे मराठी गद्य घडण्यास मदत झाली, ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकर हे या सहवासाचे ठळक फळ होत. याच पाठशाळेत शिकलेला हा पंडित पुढे इंग्रजी शिकला, भाषांतराच्या कामी लागला आणि सॉक्रेटिसाचे चरित्र मराठीत आणण्यापासून मराठी व्याकरणाची चिकित्सा करण्यापर्यंत त्याची लेखणी चालली.

४

१८४९ मध्ये दक्षिणेच्या द्रव्याचा प्रश्न पुन्हा पुढे आला. गोपाळ हरी देशमुख प्रभृती सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की, या द्रव्याचा काही भाग मराठी ग्रंथरचनेस उत्तेजन देण्याकडे लावावा. जुन्या मताच्या मंडळींचा त्यास कडवा विरोध झाला. जोतीराव फुले या प्रसंगी सुधारकांच्या बाजूस उभे राहिले. यातूनच १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. त्याच वर्षी जूनमध्ये संस्कृत पाठशाळा व शहरातील सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून ‘पूना कॉलेज’ स्थापन झाले. त्याचे ठिकाण विश्रामबागवाडाच होते.

पुढच्याच वर्षी, १८५२ च्या नोव्हेंबरात, या वास्तूत एक समारंभ झाला. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुले यांच्यासाठी शाळा काढल्याबद्दल सरकारतर्फे जोतीराव फुले यांचा शालजोडी देऊन गौरव करण्यात आला, आणि तो मेजर कँडी यांच्या हस्ते झाला. या घटनेची स्थलदृष्ट्या किंमत पुरेशी ध्यानात घेतली जात नाही असे वाटते. ज्या वाड्यात तीस वर्षांपूर्वी केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी पाठशाळा निघाली, तेथेच माळी समाजातील एका शिक्षकाचा शिक्षणकार्यासाठी सन्मान झाला. तथापि या प्रसंगाचा अर्थ वाढवून सांगू नये. सन्मान वाड्यात झाला. ज्यांच्यासाठी फुल्यांनी शाळा काढल्या होत्या त्या मुली आणि ती मुले मात्र त्या वाड्याचे विद्यार्थी झाली नाहीत. सभेसाठी दरवाजा उघडणे आणि वर्गासाठी उघडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

किती भिन्न, हे १८५६ च्या धारवाड प्रकरणावरून कळते. तेथील सरकारी शाळेत एका अस्पृश्य मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारण्यात आला. मुंबई सरकारनेही त्यास दाद दिली नाही. त्या प्रकरणाच्या चर्चेनंतर १८५८ मध्ये असे जाहीर झाले की, केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सरकारच्या सर्व प्रजाजनांस भेदभावाशिवाय खुल्या राहतील. नियम आला, परंतु नियम आणि बाक यांच्यामध्ये पुष्कळ अंतर होते. जे १८३७ मध्ये पुण्यास ठरले ते वीस वर्षांनी सबंध इलाख्यासाठी पुन्हा जाहीर करावे लागले, यातच त्या अंतराचा पुरावा आहे.

५

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि शिक्षणाची उतरंड बदलली. मॅट्रिक्युलेशनची परीक्षा हा उंबरठा ठरला. उंबरठ्याच्या अलीकडे हायस्कूल आणि पलीकडे कॉलेज. पूना कॉलेजचे शालेय व उच्च असे दोन विभाग अलग झाले. पुढे ‘आशियाचा प्रकाश’ या बुद्धचरित्रपर इंग्रजी काव्याने प्रसिद्धीस आलेले एडविन आर्नल्ड हे या काळात काही वर्षे येथे प्राचार्य होते. नंतर कॉलेजासाठी येरवड्याच्या बाजूस स्वतंत्र इमारत उभी राहिली. जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीचा त्यास हातभार लागला, आणि १८६८ मध्ये कॉलेज तेथे गेले. तेच आजचे डेक्कन कॉलेज.

या स्थलांतराने दोन्ही संस्थांचे रूप निश्चित झाले. कॉलेज नदीपलीकडे, दगडी, गॉथिक धाटणीच्या, त्याच कामासाठी बांधलेल्या इमारतीत गेले. हायस्कूल गावात, पेठेत, लाकडी वाड्यात राहिले. वाड्याची रचना शाळेसाठी झालेली नव्हती. चौकाभोवतीच्या दालनांत उजेड येतो तो मुख्यतः चौकाच्या बाजूने. एका दालनातून दुसऱ्यात जावे लागते. दिवाणखाना मोठा, तर बाकीच्या खोल्या लहान. पाठशाळेला हे अडचणीचे नव्हते. शास्त्रीबुवा एका जागी बसत, शिष्य आपापल्या गतीने पाठ घेत. परंतु तासातासाने विषय बदलणारे, इयत्तांनी विभागलेले आणि घंटेवर चालणारे हायस्कूल अशा घरात बसविणे म्हणजे घराला नवे व्याकरण शिकविणेच होते. तथापि याच अडचणीच्या घरामुळे हायस्कूल शहराच्या मध्यभागी राहिले. पेठांतील मुले पायी शाळेत येऊ शकली. बाळ गंगाधर टिळकांसारखे विद्यार्थी याच पुणे हायस्कुलाने दिले. ‘राजा शिवाजी’ हे काव्य बोलीला जवळच्या मराठीत लिहिणारे महादेव मोरेश्वर कुंटे काही काळ त्याचे हेडमास्तर होते.

याच हायस्कुलात कृष्णशास्त्र्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री शिक्षक होते. १८७४ च्या जानेवारीत त्यांनी निबंधमाला सुरू केली. तिचा पहिला निबंध मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीविषयी होता, ही गोष्ट सूचक आहे. वरच्या इयत्तांत इंग्रजीतून शिकविण्यात येई. मुंबई विद्यापीठाने १८६० च्या दशकात उच्च परीक्षांतून देशी भाषा वगळल्या होत्या. आणि एक हायस्कूल-शिक्षक शाळेबाहेर मराठीचा कैवार घेऊन उभा होता. पित्याच्या पिढीने ज्या आवारात सरकारी आश्रयाने मराठी गद्य घडविले, तेथेच नोकरी करीत पुत्राने ते सरकारी आश्रयाबाहेर नेले. पुढे विष्णुशास्त्र्यांची रत्नागिरीस बदली झाली. १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि १८८० च्या जानेवारीत टिळक प्रभृतींसह न्यू इंग्लिश स्कूल काढले.

६

त्याच सुमारास वाड्यावर एक आपत्ती आली. १३ मे १८७९ च्या आगीत बुधवारवाडा भस्मसात झाला आणि विश्रामबागवाड्याचाही पूर्वेकडील बराच भाग जळाला. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचा तो काळ. साहजिकच संशय बंडवाल्यांकडे, आणि त्यांच्या आडून पुण्याच्या ब्राह्मण समाजाकडे वळला. तपासाअंती निघाले ते निराळेच. सरकारी पुस्तकभांडारातील अफरातफर झाकण्यासाठी तेथील एका नोकराने हे कृत्य केल्याचे उघडकीस आले.

आगीनंतर वाडा पुन्हा उभा राहिला तो लोकवर्गणी व नगरपालिकेचे साहाय्य यांच्या बळावर. हा या इतिहासातील वळणाचा बिंदू होय. आजवर वाडा पेशव्यांचा होता, मग सरकारचा झाला. आता त्याच्या तुळयांत आणि भिंतींत शहराचा पैसा आला. पुण्यात १८७० मध्ये सार्वजनिक सभा स्थापन झाली होती आणि ‘सार्वजनिक’ हा शब्द राजकीय आशयाने लोकांच्या तोंडी रुळला होता. मराठी माणूस हायस्कुलास मात्र ‘सरकारी शाळा’ म्हणे, ‘सार्वजनिक शाळा’ नव्हे. भाषेने केलेला हा भेद अचूक होता. सरकारी म्हणजे ज्याचा धनी सरकार. सार्वजनिक म्हणजे ज्याचा धनी कोणी एक नाही. लोकवर्गणीने बांधलेल्या वाड्यात सरकारी हायस्कूल भरू लागले तेव्हा हे दोन शब्द प्रथमच एका छपराखाली आले.

परंतु ‘जन’ म्हणजे कोण, हा प्रश्न शिल्लकच होता. या ठिकाणी दोन टीकाकार एकमेकांसमोर उभे राहतात. विष्णुशास्त्र्यांचा आक्षेप असा की, सरकारी शिक्षण परक्याच्या ताब्यात असल्याने त्यातून देशाभिमान निर्माण होत नाही. म्हणून देशी लोकांनी आपल्या शाळा आपण काढाव्यात. फुल्यांचा आक्षेप दुसऱ्या टोकाचा. १८६९ मध्ये त्यांनी विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजींवर पोवाडा लिहिला. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन करताना त्यांनी दाखवून दिले की, सरकारी उत्पन्नाचा मोठा वाटा रयतेच्या श्रमातून येतो आणि तो खर्च होतो मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर. म्हणून प्रथम खेड्यापाड्यांतील प्राथमिक शिक्षणाची तरतूद व्हावी. एकाने विचारले, शाळेचा धनी कोण? दुसऱ्याने विचारले, शाळेचा विद्यार्थी कोण आणि पैसा कोणाचा? निबंधमालेत फुल्यांच्या लेखनाची कठोर टवाळी झाली. त्यामुळे हे दोन प्रश्न परस्परविरोधी असल्यासारखे दिसू लागले. वस्तुतः ते परस्परपूरक होते. विष्णुशास्त्र्यांच्या प्रश्नातून महाराष्ट्रात खासगी शिक्षणसंस्थांची मोठी परंपरा उत्पन्न झाली. फुल्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास फार अधिक काळ लागला.

भाषेच्या बाजूनेही असेच झाले. देशी भाषांना विद्यापीठाच्या उच्च परीक्षांत पुन्हा स्थान मिळावे यासाठी न्यायमूर्ती रानडे यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत खटपट केली, आणि १९०१ च्या सुमारास एम्.ए.च्या परीक्षेत त्यांना प्रवेश मिळाला. १८३७ मध्ये मराठीस वाड्याच्या पाठशाळेत जागा मिळाली होती. विद्यापीठात मानाची जागा मिळण्यास आणखी साठांहून अधिक वर्षे गेली. माणसांप्रमाणे भाषांनाही आधी दरवाजा आणि मग बैठक, अशा क्रमानेच प्रवेश मिळतो असे दिसते.

७

विसाव्या शतकात वाड्याचा विद्येशी असलेला निकटचा संबंध सुटला. १९३० मध्ये तो पुणे नगरपालिकेकडे आला आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तेथे शहराची कचेरी राहिली. आज तो महानगरपालिकेच्या ताब्यातील वारसा-वास्तू आहे.

आरंभी मांडलेल्या प्रश्नाकडे आता वळू. मालकीची कसोटी लावली तर वाडा १८१८ नंतर सार्वजनिक झाला; पैशाची लावली तर १८७९ च्या आगीनंतर; दरवाज्याची लावली तर एकच साल सांगता येत नाही. १८३७ चा ठराव, १८५२ चा समारंभ, १८५८ चा नियम आणि १८८२ चे निवेदन अशा पायऱ्यांनी तो प्रश्न पुढे सरकत गेला. या तिसऱ्या कसोटीवाचून पहिल्या दोन अपुऱ्या आहेत, एवढे या इतिहासावरून निश्चितपणे म्हणता येते. सरकारने विकत घेतलेली किंवा लोकांनी वर्गणी काढून बांधलेली शाळाही एखाद्या वर्गाचीच राहू शकते.

स्थापत्याच्या अभ्यासकांनी या वाड्याचे खांब मोजले आहेत, इतिहासकारांनी त्याच्या धन्यांची नावे लिहिली आहेत. शिक्षणाच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने यापुढे आपल्या जिल्ह्यातील जुन्या हायस्कुलाच्या इमारतीकडे पाहताना तिची शैली आणि तिचा देणगीदार यांच्याबरोबर तिची प्रवेशपत्रकेही पाहावीत: कोणत्या साली, कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा मुलगा आणि कोणत्या साली पहिली मुलगी त्या दरवाज्यातून आत आली, आणि त्यांना कोणत्या भाषेत शिकविण्यात आले. कोनशिलेवर इमारत पूर्ण झाल्याची तारीख असते. ती सार्वजनिक झाल्याची तारीख या पत्रकांतच शोधावी लागेल.